उरलेले चिंचोके

आमच्या पिपरीच्या नावाला ‘मेघे’ अशी एक जोड आहे. एकट्या पिपरीलाच नव्हे. वर्धा शहराला बिलगून असलेल्या सिंदी, सावंगी, बोरगाव या गावांनीही ती मिरवली आहे. शब्द दिसला, की त्याची व्युत्पत्ती खणायला बसायचे ही आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची जुनी खोड; पण आज मी ती आवरतो. व्युत्पत्ती काही का असेना, जून महिन्यात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात गावाच्या नावात मेघ हमखास असावेत आणि आभाळात मात्र ते असतीलच अशी खात्री नसावी, ही थट्टा कोणाच्याही ध्यानात येईल.

त्यातून हा गांधीजींचा जिल्हा. १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले, आणि त्यांच्या नावाने या जिल्ह्यात दारूबंदी आहे. अशा पवित्र भूमीवर बसून हा गृहस्थ दिवाळीच्या तोंडावर जुगाराविषयी लिहायला निघाला, म्हणून वाचक भुवया उंचावतील. पण थांबा. आमच्या घरचा जुगार चिंचोक्यांचा असतो. आईने एका बरणीत कितीतरी वर्षांचे चिंचोके जमवून ठेवले आहेत, आणि ‘पैसा मधे आला तर बरणी विहिरीत’ असा तिचा कायदा आहे. घरात विहीर नाही, तरी कायदा चालतो.

दिवाळीतले पत्ते तुम्हा शहरवासीयांना ठाऊक आहेतच. विदर्भात मात्र पत्त्यांचा खरा सण पोळा. बैलांची पूजा झाली, तोरण तुटले, पुरणपोळी अंगावर आली, की पारावर, गोठ्यात, शाळेच्या मागे डाव पडतात. आणि कुठे किती जण पकडले हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळते. मूळचे शेतकऱ्यांचे हे लोक वर्षभर जो डाव खेळतात त्याने यांची हौस भागत कशी नाही, असा मला पूर्वी प्रश्न पडत असे.

२०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला. योग असा, की ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच दिवशी. कौशल्याचा खेळ वेगळा आणि दैवाचा खेळ वेगळा, हा भेद आपल्याकडे जुना. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते. नव्या कायद्याने तो भेदच बाजूला ठेवला. पैसा लावला की खेळ बंद, मग तो बुद्धीचा असो वा नशिबाचा. याचा आमच्या घरावर परिणाम होण्याचे कारण आमचा भाचा. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतो, आणि पोकर नावाच्या खेळाच्या स्पर्धा मोबाइलवर खेळत असे. लहान रकमा, पण खेळत असे. ‘मामा, हे गणित आहे,’ असे तो मला सांगायचा, आणि मी ‘गणित असेल, पण परीक्षेत येत नाही ना?’ असे विचारून विषय संपवायचा. त्या दिवशी त्याचा मोबाइल एकाएकी गप्प झाला. चिरंजीवांचा चेहरा असा, की जणू बैल त्यांचाच चोरीला गेला!

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलांचे लाकडी बैल गल्लीतून फिरून आले. माझी बहीण आणि भाऊजी देवळी तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून आले होते. पाऊस सोडत नव्हता. तेव्हा भाच्याने बरणी काढली आणि जाहीर केले, की आज घरात पोकरची स्पर्धा होईल. आई, आमची सौभाग्यवती, बहीण, भाऊजी, माझी कन्या, भाचा आणि मी, सात जण. प्रत्येकी साठ चिंचोके.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती आपण एकट्याने पाहायची. मग मध्ये सगळ्यांच्या सामाईक अशी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात. पहिल्या टप्प्यात तीन. पण ती तीन उघडण्याच्या आधीच एकदा बोली करावी लागते. म्हणजे पाच आण्यांचे ज्ञान आणि सोळा आण्यांची पैज! त्यातून प्रत्येक डावात दोन जणांना पाने पाहण्याआधीच ठरावीक चिंचोके मध्ये टाकावे लागतात. तीन पत्तीवाल्यांना ‘ब्लाइंड’ हा शब्द परिचित आहे. इथे ती ऐच्छिक नाही, सक्तीची आहे, आणि पाळीपाळीने सगळ्यांवर येते. शिवाय स्पर्धेत हे ब्लाइंड वाढत जातात. आमच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाच्या वीस मिनिटांनी एकाचे दोन, दोनाचे चार असा दर होता. म्हणून ‘मी आपला गप्प बसतो, चांगली पाने येतील तेव्हा पाहू’ ही सज्जनाची नीती इथे चालत नाही. गप्प बसणाराची रास आपोआप आटते.

माझी आटली. राजाच्या जोडीवर बारा चिंचोके गेले, कारण सौभाग्यवतींकडे एक्का निघाला. उरलेले आठ ब्लाइंडने मुंग्यांसारखे वाहून नेले. ब्लाइंड दोन आणि चार असताना माझ्यापुढे चाळीस उरले.

“मामा, आता तुमचा खेळ बदलला,” भाचा म्हणाला. “सहा भागिले चाळिसाला. एक फेरी फिरली की तुमचे सहा जातात. म्हणजे काहीच न करता तुम्ही सात फेऱ्यासुद्धा टिकत नाही.”

हे माप पॉल मॅग्रिएल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाचे; आणि १९९५ साली जागतिक स्पर्धा जिंकलेल्या डॅन हॅरिंग्टनने आपल्या पुस्तकातून ते सर्वतोमुखी केले, अशी माहितीही मिळाली. आमच्या विद्यार्थ्यांना मात्रागणवृत्ते इतकी पाठ असती तर!

पुढचे त्याचे विवेचन मला खरोखर आवडले; म्हणून ते सविस्तर देतो. समजा, हातात बरी पाने आहेत. श्रीमंत खेळाडू अशा वेळी दहा चिंचोके टाकतो. जमले तर जमले, नाही तर पाने टाकून मोकळा. पण चाळिसातले दहा म्हणजे पाव इस्टेट. तेवढ्यात समोरच्याने ‘चाळीस’ म्हणून बोली चढवली, तर? मध्ये तुमचे दहा, त्याचे चाळीस आणि ब्लाइंडचे सहा असे छप्पन्न पडले आहेत आणि तुम्हाला आणखी तीस टाकायचे आहेत. सोडावे तर पाव इस्टेट फुकट गेली. न सोडावे तर मनात नसताना सगळेच लावावे लागते. म्हणून रास दहा-बारा ब्लाइंडवर आली, की मधला मार्ग संपतो. एक तर पाने टाकायची, नाही तर पहिल्याच बोलीला सगळेच्या सगळे पुढे सारायचे. थोडे-थोडे लावणे हा गरिबाला न परवडणारा शौक आहे.

“आणि मामा, सगळे सारण्यात दोन फायदे आहेत. कोणी समोर आलं तर पानं जिंकू शकतात. आणि कोणी आलंच नाही, तर मधले सहा तसेच मिळतात. चाळिसावर सहा!”

म्हणजे धाक. या खेळात धाकालाही भाव आहे. मी चाळीस सारले, तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला आणखी छत्तीस घालून माझ्याशी झुंजावे लागते. तो दोनदा विचार करतो. पण मी वाट पाहत पाहत दहावर आलो आणि मग सारले, तर त्याला फक्त सहा घालायचे आणि सोळा मिळण्याची आशा. तीन डावांत एकदा जिंकला तरी तो फायद्यात. तो कशाला घाबरेल? कसलीही पाने घेऊन तो येणार. “म्हणून,” भाचा म्हणाला, “धाक आहे तोवरच हलायचं. धाक संपल्यावर हिंमत दाखवण्यात अर्थ नाही.” कोणत्या जागेवरून हलायचे, याचेही शास्त्र आहे. आपल्यामागे बोलणारे पाच जण असतील तर मोठी जोडी किंवा मोठा एक्का हवा. दोघेच असतील तर कोणताही एक्का, कोणतीही जोडी चालते. घाबरवायची माणसे जितकी कमी, तितकी पाने हलकी चालतात.

मी शेवटच्या जागी होतो. एक्का आणि अठ्ठी. चाळीस सारले. आईने आणि कन्येने पाने टाकली. सहा चिंचोके ओढून घेताना मला जो आनंद झाला, तो माझ्या प्रबंधाला मान्यता मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मग अर्थात गप्पा रंगल्या. भाच्याने जॅक स्ट्रॉसची कथा सांगितली. १९८२ सालच्या जागतिक स्पर्धेत हा गृहस्थ सगळे लावून हरला, उठायला निघाला, तर रुमालाखाली एक नाणे राहिलेले सापडले. तेवढ्यावर तो परत बसला, आणि शेवटी ती स्पर्धा जिंकला! मी म्हटले, “आपल्या घरची कथा त्याहून जुनी आहे.” नळ आणि पुष्कर. महाभारताच्या वनपर्वातले हे आख्यान आमच्या अगदी अंगणातले. आमच्या बाजूच्या आर्वी तालुक्यात जाऊन वर्धा नदी ओलांडली, की कौंडण्यपूर. भीम राजाचे, दमयंतीच्या माहेरचे कुंडिनपूर ते हेच, असे परंपरा मानते. नळ महिनोन्‌महिने हरत गेला. दमयंतीने, मंत्र्यांनी, नगरजनांनी सांगून पाहिले. शेवटी अंगावरचे वस्त्र तेवढे उरले, तेव्हा पुष्कराने म्हटले, दमयंती लाव. धर्मराजाने पुढे जे केले ते नळाने केले नाही. तो काही न बोलता उठून चालता झाला. माझ्या मते आख्यानातला सर्वांत मोठा डाव हाच: न खेळलेला.

मग तो ऋतुपर्णाचा सारथी झाला. कुंडिनपूरला येतानाच वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगितली. दोन फांद्यांवर दोन हजार पंचाण्णव फळे! नळाने झाड पाडून मोजली, तर तितकीच भरली. (त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हे इथे ध्यानात घ्यावे. संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या इयान हॅकिंगलाही १९७५ साली या प्रसंगाची दखल घ्यावी वाटली.) ते अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकल्यावर नळ सासरी महिनाभर राहिला, आणि एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे आणि सहाशे पायदळ एवढ्या तुटपुंज्या सरंजामानिशी निषध देशी गेला. पुष्कराला म्हणाला, एकच फासा. माझे आहे नाही ते सगळे, आणि दमयंतीही, एका बाजूला. तुझे राज्य दुसऱ्या बाजूला. आणि जिंकला.

“दमयंतीला विचारलं होतं का?” सौभाग्यवतींनी विचारले.

या प्रश्नाला टीकाकारांत उत्तर नाही. मी पाने पिसायला घेतली.

भाऊजी आतापर्यंत गप्प होते. त्यांच्यापुढे वीस-बावीस चिंचोके असतील. ते म्हणाले, “त्या साहेबाले रुमालाखाली एक सापडला, तो जितला, म्हून गोष्ट झाली. ज्याईले सापडला अन्‌ तरी हरले, त्याईची गोष्ट कोन सांगते?”

भाचा हसला; पण भाऊजी हसले नव्हते. “अन्‌ मास्तर, हे ब्लाइंड का काय, हे त आमचंच चालू हाय. पानं पाहाच्या आधी टाका. जून लागला का बियाणं टाका, खत टाका. पाऊस कसा येते ते मागून उघडते.”

त्यांच्या वडिलांच्या वेळी एकत्र तीस एकर होती. वाटण्या होत होत सात उरली. तीन एकरांचा वरचा तुकडा, आणि चार एकर खाली नाल्याला लागून. खालच्या तुकड्यात त्या वर्षी पाणी साचून राहिले होते आणि पऱ्हाटी पिवळी पडली होती. एकदा बियाणे मोडले म्हणून दुबार लावली, मग खताचा हप्ता, मग फवारणी, मग मजुरी. थोडे-थोडे. त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, सरकारने परदेशी कापसावरचे आयातशुल्क उठवले होते. पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. पण बाजार तो देईल याची खात्री भाऊजींना वाटत नव्हती.

आणि तेव्हा कळले, की ते नुसते पोळ्याला आले नव्हते. बहिणीच्या पिशवीत तिच्या पाटल्या होत्या. सोमवारी वर्ध्याला सराफाकडे जायचे होते. सातही एकरांना आणखी एक हप्ता, आणखी एक फवारणी. आणि भाच्याच्या शेवटच्या वर्षाची फी.

लीळाचरित्र शिकवताना मी हरिपाळदेवाची कथा दरवर्षी सांगतो. गुजरातेतल्या प्रधानाचा हा मुलगा द्यूतात हरला आणि देणे भागवायला त्याने पत्नीजवळ, कमळाइसेजवळ, दागिने मागितले. तिने दिले नाहीत. त्या नकाराने त्याचे मन संसारावरून उडाले, आणि रामटेकची यात्रा म्हणून तो जो निघाला, तो पुढे रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या भेटीला पोचला. वर्गात मी नेहमी हरिपाळदेवाच्या वैराग्याबद्दल बोलतो. त्या दिवशी प्रथमच मला कमळाइसेबद्दल बोलावेसे वाटले. पण बहीण समोर बसली होती, आणि तिने नकार दिलेला नव्हता.

भाऊजींनी मुलाकडे पाहिले. “मंग तुह्या हिशोबानं मी काय करू, सांग.”

जो मुलगा तासभर सगळ्यांना शिकवत होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाने त्याच्या हातात तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाबा, सगळीकडे थोडं थोडं नका टाकू. खालचे चार... पॅक करा. जे आहे ते वरच्या तीनवर लावा.”

“जमीन का चिंचोका हाय का लेका? तू हरला त उद्या मामी तुले पुन्हा साठ मोजून देते. मले कोन देते?”

“म्हणूनच म्हणतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पैशाच्या स्पर्धेत पण तसंच असतं. रास दुप्पट झाली म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. पण रास संपली की माणूस उठला. शेवटच्या चिंचोक्याची किंमत पहिल्यापेक्षा जास्त असते.”

डॅनियल बर्नुली १७३८ साली हेच सांगून गेला आहे: तोच रुपया श्रीमंताला मिळाला आणि गरिबाला मिळाला, तर त्याचे मोल सारखे नसते. मी बर्नुलीचे नाव त्या क्षणी काढले नाही. प्राध्यापकालाही कधी कधी गप्प बसता येते.

भाऊजी म्हणाले, “उभं पीक मोडू?”

त्यावर कोणीच बोलेना. बाहेर पाऊस चालू होता. म्हणजे खालच्या चार एकरांत तो पडतच होता. अखेर बहीण बोलली. दिवसभरात तिने फारसे डाव खेळले नव्हते. पाने पाहायची आणि टाकायची, एवढेच केले होते. ती म्हणाली, “पाटल्या कोणत्या तुकड्यावर लागतील, ते आधी सांगा. दोन्हीवर म्हणाल, तर मी नाही देत.”

भाऊजींनी आपल्यापुढचे बावीस चिंचोके न मोजताच पुढे सारले. पाने पाहिली होती की नाही, कोण जाणे. आईने “हो” म्हटले, आणि तिच्याकडे राणीची जोडी निघाली. स्पर्धा शेवटी आईनेच जिंकली. ब्लाइंड म्हणजे काय, हे तिला अजून कळलेले नाही.

सोमवारी सराफाकडे कोणी गेले नाही. फीचे पैसे मी भरले. ते भाऊजींनी उसने म्हणून वहीत लिहून घेतले, आणि तारीखही घातली. सप्टेंबरात उघडीप मिळाली, जमिनीला वापसा आला, आणि खालच्या चार एकरांत त्यांनी रोटावेटर फिरवला. बहीण सांगत होती, की ट्रॅक्टर शेतात शिरला तेव्हा ते बांधावर थांबले नाहीत. वरच्या तुकड्यात जाऊन, पाठ करून, पऱ्हाटीच्या बुडाशी युरिया देत राहिले. आवाज थांबल्यावरच वळले.

परवा त्यांचा फोन आला. खालच्या रानात हरभरा करायचा म्हणतात. मुलगा माझ्या शेजारीच बसला होता, मोबाइलवर काहीतरी वाचत. पण भाऊजी त्याच्याशी बोलायला तयार होईनात. म्हणाले, “मास्तर, तुम्हीच विचारा पोट्ट्याले, जाकी पेरू का दुसरं कोनतं पाहू. अन्‌ एकरी किती किलो लागते, तेही विचारा.”

मी विचारले. भाचा उठला आणि कागद-पेन्सिल घेऊन आला.